खुंटीवरचे बूच

आमच्या घराच्या ओटीवर, दाराच्या उजव्या हाताला, एक लाकडी खुंटी आहे. घर दोनदा दुरुस्त झाले, कौले जाऊन स्लॅब आला, भिंतींचे रंग किती वेळा पालटले याची गणती नाही. परंतु ती खुंटी कोणी उपटली नाही. आमच्या लहानपणी त्या खुंटीला होडीचे बूच टांगलेले असे. मुठीएवढे, भेंडीच्या लाकडाचे, निमुळते, तेलाने काळे पडलेले बूच. त्याला सुताची दोरी बांधलेली. वडिलांनी होडी पाण्यात घातली की खुंटी रिकामी होई आणि होडी किनाऱ्यावर ओढून घेतली की बूच पुन्हा खुंटीवर येई. पहाटे उठल्याबरोबर आईची पहिली नजर त्या खुंटीकडे जात असे. होडी पाण्यात आणि बूच खुंटीवर, असे कधी घडू नये, एवढीच तिची त्यामागची काळजी.

होडीच्या तळाला भोक असते हे किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या वाचकांना कदाचित नवल वाटेल. ज्या वस्तूने पाण्यावर तरंगायचे, तिला मनुष्य आपल्याच हाताने छिद्र पाडतो, हे वरवर पाहता विपरीत आहे खरे. परंतु होडीत पाणी केवळ समुद्राकडून येत नाही. जाळ्याबरोबर ते वर चढते, लाटेच्या शिंतोड्यांतून येते, आणि पावसाळ्यात तर आभाळातून अखंड ओतत असते. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीत ते साचून राहिले तर फळ्या कुजतात, आणि तळात पाण्याचे ओझे घेऊन बसलेली होडी आपल्याच भाराने वाकडी होते. म्हणून सर्वांत खालच्या जागी एक वाट ठेवलेली असते. जमिनीवर ती उघडी असावी, पाण्यावर ती बंद असावी. या दोन अवस्था ओळखून वेळेवर बूच काढणे व वेळेवर लावणे, एवढेच त्यातले शास्त्र.

वडिलांच्या सागवानी होडीत हे काम सोपे होते. लाकडाच्या बुचाला कापसाच्या जुन्या कापडाची चिंधी गुंडाळायची, ते तेलात बुडवून भोकात बसवायचे आणि वरून मोगरीचे दोन ठोके मारायचे. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगे आणि बूच आपोआप घट्ट होई. जे पाणी आत शिरू पाही, तेच आपल्याला आडवे येणारे बूच अधिक घट्ट करीत असे. आमचे वडील शाळेत तिसऱ्या इयत्तेपलीकडे गेले नव्हते. पण लाकडाचा हा स्वभाव त्यांना हाताने ठाऊक होता.

आम्ही मात्र शिकलो. हे वाक्य लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते. दोघा भावांपैकी एकालाच पुढे शिकवणे वडिलांना शक्य होते. दादा नववीतून उठला आणि वल्ह्यावर बसला. आम्ही वसईहून मुंबईच्या लोकलने कॉलेजात जाऊ लागलो. आमच्या पासाचे पैसे त्याच होडीतून येत होते. पुढे आम्हाला शाळेत शिक्षकाची नोकरी लागली, आणि घरातल्या सर्व कागदपत्रांचे, अर्जांचे व नव्या यंत्रांचे काम आपसूक आमच्याकडे आले. “तू शिकलेला, तूच बघ,” असे दादा म्हणे. वर्षानुवर्षे हे ऐकून ऐकून आम्हालाही ते खरे वाटू लागले होते.

सागवानी होडी २००९ साली मोडीत निघाली. तिच्या जागी अठरा फुटांची फायबरची होडी आली आणि मागच्या फळीवर इंजिन बसले. खाडीच्या मुखाशी जाळे टाकायला तेवढी पुरे. ही मागची फळी म्हणजे आत प्लायवूड आणि वर दोन्ही बाजूंनी फायबरचा थर. तिच्या तळाशी पाणी जाण्याचे भोक, त्यात आट्यांचे पितळी कडे स्क्रूंनी बसवलेले, आणि त्या कड्यात फिरवून लावायचे पितळी बूच. लाकडी बुचाची गरज संपली. खुंटीवर आता हे पितळी बूच येऊन बसले. मोगरी गेली, पाना आला. दादा थकल्यावर होडी पुतण्याच्या हाती गेली.

२०२२ च्या जुलैअखेरीस पुतण्या बूच हातात घेऊन आमच्याकडे आला. “काका, हे कडं बघा. पितळ लाल पडलंय.” पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे राहिले की त्यातले जस्त हळूहळू झिरपून जाते आणि मागे तांब्याचा लालसर, ठिसूळ सांगाडा उरतो. आकार तोच दिसतो, जोर मात्र गेलेला असतो. आम्ही त्याला हे सर्व समजावून सांगितले आणि नवे कडे आणून बसवण्याचे काम अंगावर घेतले. मासेमारीवरची बंदी ३१ जुलैला उठायची होती. धर्मगुरू होड्यांवर पवित्र पाणी शिंपडायला बंदरावर येणार, त्या दिवशी आपली होडीही रांगेत असावी, अशी पुतण्याच्या मुलाची हौस होती. हातात तीन दिवस होते आणि पाऊस थांबत नव्हता.

जुने स्क्रू काढताना पान्याला जोर लावावा लागला नाही. पहिले दोन तर बोटांनीच निघाले. त्यांच्या छिद्रांतून तपकिरी पाण्याचे चार थेंब ओघळले. आम्ही ते चिंधीने पुसले. आज त्या चार थेंबांचा विचार मनात आला की आम्हाला आमचीच लाज वाटते. आतले लाकूड कुजले आहे, हे ते थेंब स्पष्ट सांगत होते. पण दुसऱ्या दिवशी होडी ढकलायची होती. आम्ही खिडकीच्या काचांना लावतात ते सिलिकॉन कड्याभोवती फासले, स्क्रू होते नव्हते त्या बळाने आवळले, आणि सर्व सिलिकॉन बाहेर येऊन फळी व कडे एकमेकांना टेकले तेव्हा काम चोख झाले असे समजून हात धुतले. दादा पडवीत बसून पाहत होता. “सुकायला वेळ नको का?” एवढेच त्याने विचारले. “आताची सामग्री लवकर सुकते,” असे आम्ही उत्तर दिले.

ऑगस्टच्या मध्यावर पुतण्या म्हणाला, “काका, थोडं पाणी येतंय.” आम्ही म्हणालो, “होडीच आहे, थोडं येणारच.” सप्टेंबरात तो पुन्हा तेच म्हणाला. आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले. एकदाही आम्ही बंदरावर जाऊन वाकून पाहिले नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस एका रात्री पुतण्या आणि त्याचा बारा वर्षांचा मुलगा जाळे उचलून परतत होते. ओहोटीची ओढ होती, अंधार होता. जाळ्याच्या ढिगाखाली पाणी किती साचले आहे ते दिसत नव्हते. पायाशी ठेवलेली रिकामी बादली आपोआप जागची हलली, तेव्हा मुलाच्या लक्षात आले. इंजिनाच्या सततच्या हादऱ्याने कुजक्या लाकडातले स्क्रू सुटले होते, आणि आम्ही बसवलेले कडे बुचासकट निघून गेले होते. पंचवीस मिलिमीटरचे भोक पाण्याच्या पातळीखाली एक फूट असले तर त्यातून मिनिटाला सुमारे चाळीस लिटर पाणी आत येते. हा हिशेब आम्ही नंतर कागदावर मांडला. त्या रात्री होडीत हिशेब करायला कोणी बसले नव्हते. पुतण्याने अंगातला सदरा काढून पिळून भोकात कोंबला, त्यावर टाच रोवून उभा राहिला आणि एका हाताने इंजिन धरून होडी किनाऱ्याकडे आणली. मुलगा सारा वेळ पाणी उपसत होता. अर्धे जाळे त्यांनी पाण्यात सोडून दिले.

पहाटे ते घरी आले तेव्हा आम्ही ओटीवर होतो. दादा काही बोलला नाही. त्याने मुलाचे हात आपल्या हातात घेऊन पाहिले. बादलीच्या कडीने तळव्यांना फोड आले होते. मग त्याने ते हात आमच्या पुढे धरले. रागाचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला असता, तर आम्हाला सोसणे सोपे झाले असते.

त्यानंतरची दुरुस्ती दादाने केली आणि आम्ही त्याच्या हाताखाली काम केले. सर्वप्रथम होडी उधाणाच्या भरतीला वर ओढली, नाळ उंच करून ठेवली आणि भोक तसेच उघडे सोडले. ऑक्टोबरचे ऊन पडू लागले होते. दादाने पटाशीने भोकाभोवतीचे काळे, मऊ लाकूड कोरून काढले. निरोगी लाकडाचा कोरडा आवाज येईपर्यंत तो थांबला नाही. मग म्हणाला, “आता काही करायचं नाही.” शेजारच्या होड्या रोज जात होत्या, टोपल्या भरून येत होत्या, आणि आमची होडी पंधरा दिवस उन्हात नुसती पडून होती. हंगामातले पंधरा दिवस म्हणजे काय, हे मासेमाराच्या घरातच कळते. पुतण्या दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेला.

आम्हाला नेमून दिलेले काम होते सिलिकॉन खरवडण्याचे. हा पदार्थ एकदा लागला की त्याच्यावर दुसरे काहीच धरत नाही. राळ नाही, रंग नाही, दुसरे सिलिकॉनही नीट नाही. डोळ्यांना दिसेनासा झालेला त्याचा थरसुद्धा नव्या कामाला उखडून टाकतो. आम्ही आधी सुरीने, मग पॉलिश पेपरने, मग अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने ती जागा दोन दिवस घासत होतो. आपलीच चूक अशी कणाकणाने खरवडून काढण्याचा प्रसंग आयुष्यात फार थोड्यांना येत असेल.

लाकूड पुरते वाळल्यावर त्याला पातळ इपॉक्सी पाजले. ते आत शोषले गेल्यावर भुकटी कालवून घट्ट केलेल्या इपॉक्सीने सारी पोकळी भरून काढली. ते दगडासारखे झाले तेव्हा त्यातूनच नवे भोक पाडले. आता कडे आणि त्याचे स्क्रू लाकडाला शिवतच नव्हते. पाणी झिरपलेच तरी प्लायवूडपर्यंत त्याला वाट उरली नव्हती. नवे कडे या वेळी पितळी न घेता कांस्याचे घेतले, कारण खाऱ्या पाण्यात ते अधिक काळ टिकते. भोकाच्या आत, कड्याच्या मागे आणि प्रत्येक स्क्रूला पाण्याखाली चालणारे पॉलियुरेथेनचे सीलंट लावले.

स्क्रू आवळण्याची वेळ आली तेव्हा दादाने पाना आमच्या हाती दिला. आम्ही सवयीने जोर लावू लागलो. “बस,” तो म्हणाला. “सगळं बाहेर काढलंस तर आत राहील काय?” सीलंट कड्याच्या चहूबाजूंनी सारखे डोकावले, की थांबायचे. धातू आणि फळी यांच्यामध्ये त्याचा लवचिक थर उरला पाहिजे. हादरे तोच सोसतो. अतिबळाने आवळलेला सांधा कोरडा पडतो, आणि कोरडा सांधा गळतो. आम्ही ३० वर्षे मुलांना शिकवले. वर्गात आम्ही कोठे कोठे असे अधिक आवळले असेल, हा विचार त्या क्षणी मनात येऊन गेला.

हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होत जाते आणि आपला वेळ घेते. आम्ही आठवडाभर होडीला हात लावला नाही. नंतर बुचाला नवी रबरी चकती घालून, आट्यांना ग्रीस लावून ते बसवले आणि दादाने एक गोष्ट केली, जी आम्हाला कधीच सुचली नसती. होडी वाळूवर असतानाच त्याने तिच्यात आतून दहा-बारा बादल्या पाणी ओतले आणि आम्हाला बाहेर गुडघ्यांवर बसवले. एक तास आम्ही त्या कड्याकडे पाहत होतो. एक थेंबही आला नाही. समुद्राने परीक्षा घेण्याआधी आपणच ती घ्यावी, जमिनीवर, जिथे नापास झाले तरी कोणी बुडत नाही. एवढा साधा नियम. मग बूच काढले आणि ते सारे पाणी वाळूत वाहून गेले.

या गोष्टीला आता बराच काळ लोटला. कडे जागचे हललेले नाही. दर मोसमाच्या आरंभी ते उघडून पाहिले जाते, रबरी चकती बदलली जाते आणि पाणी ओतण्याची परीक्षा पुन्हा होते. “थोडं पाणी येतंय” असे कोणी म्हणाले, की आम्ही आता उत्तर देत नाही. चपला घालून बंदरावर जातो. विद्वत्तेने जे आम्हाला शिकवले नव्हते ते एवढेच, की सांगणाऱ्याचे पाय पाण्यात असतात, आणि आपले ओटीवर.

दादाने घरात एक नवा रिवाज घालून दिला आहे. होडी ढकलण्यापूर्वी घरातला कोणीतरी एक मोठ्याने विचारतो, “बूच?” आणि ज्याने ते लावले, त्यानेच उत्तर द्यायचे, “लावलं.” दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने बोलायचे नाही. बहुधा विचारणारा असतो पुतण्याचा मुलगा. त्याच्या हातांवरचे फोड केव्हाच बरे झाले. गेल्या महिन्यात आम्ही पहाटे ओटीवर आलो, तेव्हा बाहेर अजून अंधार होता आणि बंदराकडून इंजिनाचा आवाज दूर जात होता. आम्ही दिवा लावला आणि आईप्रमाणे आधी खुंटीकडे पाहिले.

खुंटी रिकामी होती.