740 किलोमीटर आणि एम-थ्री

थर्ड इयरला आलं की ‘गोल सेटिंग’वरचं एक तरी लेक्चर कुणालाच चुकत नाही. ऑडिटोरियमचा एसी, शेवटची रांग आणि पडद्यावर तो ‘स्मार्ट’ शब्द. त्यातला ‘ए’ म्हणजे अचीव्हेबल, झेपेल असं, हे एव्हाना मेसच्या मामांनाही पाठ झालं असेल. गंमत म्हणजे जॉर्ज डोरान यांनी 1981 साली हा शब्द मांडला तेव्हा त्यांचा ‘ए’ वेगळा होता: असाइनेबल. म्हणजे काम नेमकं कोण करणार ते ठरवा. लेख होता कंपन्यांतल्या मॅनेजर लोकांसाठी, पण हा जुना ‘ए’ मला होस्टेलला जास्त लागू वाटतो. ‘यंदा आपण सबमिशन वेळेवर करायचं’ असं रूममध्ये ठरतं, तेव्हा ‘आपण’ म्हणजे कोण हे कुणालाच माहीत नसतं!

गेटचंही तेच. ‘शंभरच्या आत रँक’ हे जो तो म्हणतो. पण रँक ठरते देशभरातल्या बाकीच्या पोरांवरून. 100 पैकी 15 मार्क जनरल ॲप्टिट्यूडचे असतात, ते मिळवणं माझ्या हातात आहे, म्हणून मी तिथून सुरुवात केली. आमच्या ग्रुपमध्ये याला ‘छोटं स्वप्न’ म्हणतात. म्हणू देत.

सिव्हिलवाला असल्यामुळे मला अशा वेळी कोकण रेल्वे आठवते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, जवळजवळ दोन हजार पूल. 1990 मध्ये ई. श्रीधरन यांच्याकडे हे काम आलं तेव्हा त्यांनी लाइनचे सात तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यावर एक चीफ इंजिनिअर बसवला. साधारण शंभर किलोमीटर, आणि जाब कुणाला विचारायचा ते पक्कं. सगळी लाइन व्हायची वाटही पाहिली नाही. 1993 मध्ये एका टोकाला मंगळूर-उडुपी आणि दुसऱ्या टोकाला रोहा-वीर गाड्या धावायला लागल्या होत्या. ठरलेली पाच वर्षांची मुदत काही पाळता आली नाही. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती ढासळत राहिली, काम पुन्हा पुन्हा अडलं. तारीख पुढे गेली, पण बोगदा सोडला नाही. 26 जानेवारी 1998 ला लाइन पूर्ण झाली. हे कुठल्याही मोटिव्हेशनल लेक्चरपेक्षा मला जास्त पटतं.

आता आमच्या रूममेटबद्दल. गडी लातूरकडचा. पलंगावरच्या भिंतीला ‘आय.ए.एस.’ अशी मोठी प्रिंट, आणि पलंगाखाली दोन बॅकलॉग, एम-थ्री आणि एसओएम. घरी एज्युकेशन लोनचे हप्ते डोक्यावर, आणि एम-थ्री राहिला तर वाय.डी. नक्की. वाय.डी. लागली तर बोरियाबिस्तर घेऊन गावी ये, असं वडिलांनी फोनवर स्पष्ट सांगितलेलं. त्यानंतर दोन दिवस हा मेसला जेवायलाच आला नाही.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, “अरे, त्या भिंतीचं काय करायचं?”

“राहू दे की,” तो म्हणाला. “पर कलेक्टर व्हायच्या आधी लाप्लास यायला पाहिजे लेका.”

मग त्याने वहीचं एक पान फाडलं. पास व्हायला 40 लागतात. मागच्या पाच वर्षांचे पेपर काढून कुठल्या युनिटला किती मार्क येतात ते मांडलं. लाप्लास आणि फूरियर पक्कं करायचं, व्हेक्टर कॅल्क्युलस जमेल तेवढं, बाकीच्याला हात लावायचा नाही. रोज रात्री नऊ ते अकरा रीडिंग हॉल, चार गणितं. सोडवणार तो, तपासणार मी. पानावर दोघांची नावं लिहिली. (मी तपासायला उशीर केला की चहा माझ्याकडे. कँटीनवाल्याचा त्यात बराच फायदा झाला.)

लाप्लास दहा दिवसांत बसलं. व्हेक्टर कॅल्क्युलस म्हणजे आमचा पेडण्याचा बोगदा! आठवडा धरला होता, गेले अठरा दिवस. त्याने पानावरची तारीख तीनदा खोडली, पण चार गणितं चाराच्या खाली येऊ दिली नाहीत. मधे दोन रात्री ताप होता, तेव्हाही पडल्या पडल्या सोडवली.

रिझल्ट लागला. एम-थ्री 47. त्याने लगेच घरी फोन लावला. वडील फारसं काही बोललेच नाहीत, एवढंच विचारलं, “आता किती राहिले?”

“एक. एसओएम,” हा म्हणाला आणि वहीचं नवं पान काढलं.