आधी काकांना सांगा

मुलाची बारावीची परीक्षा संपली आणि गच्चीवर पार्टीसाठी हट्ट सुरू झाला. आम्ही चंद्रपूरचे. इथली २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठली. बंदीतही दारू मिळायची, पण लपूनछपून. आता तो आडपडदाही नाही.

धाकटे भाऊजी म्हणाले, “वहिनी, बिअरच त आहे. बाहेर पिण्यापेक्षा घरात पिऊ द्या ना.”

“अन् दुसऱ्यांच्या पोरांचं काय?” मी विचारलं.

बंदी उठली तरी वयाची अट आहेच: सौम्य बिअरला २१, कडक दारूला २५. अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुण्यात मे २०२४ मध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला, तेव्हा बापालाही अटक झाली होती.

माझं माहेर वैनगंगेपलीकडचं, गडचिरोली जिल्ह्यातलं. तिथे १९९३ पासून बंदी आहे, तरी मोहाचा सडवा लागायचाच. गावातल्या लग्नांत बचत गटाच्या बाया पोरांना दटावत बसल्या नाहीत. मांडवामागे बसणाऱ्या मोठ्या माणसांना त्यांनी आधी उठवलं. मीही तेच केलं. त्या रात्री घरात कोणाचाच ग्लास भरणार नाही, हे यजमानांना आणि भाऊजींना आधी सांगितलं. भाऊजी रुसले, पण आले.

मग येणाऱ्या प्रत्येक पोराच्या घरी फोन केला. पार्टी सात ते दहा, घरी न्यायला मोठं माणूस येईल, मधे बाहेर गेलेल्याला परत गच्चीवर प्रवेश नाही. कोल्ड्रिंक आम्हीच ओतणार. जेवण लवकर, गाणी भरपूर.

तरी एक पोरगा पिऊनच आला. त्याला परत पाठवलं असतं तर तो गाडी चालवतच गेला असता. किल्ली काढून घेतली, खाली बसवून पाणी दिलं, वडाभात वाढला आणि त्याच्या वडिलांना बोलावलं. ते तणतणत आले, “तुमच्याकडे दिली का याला?” मी सरळ म्हटलं, “आमच्या घरात आज थेंब नाही, भाऊ. वर जाऊन पाहा.” ते काही बोलले नाहीत. पोराला मागे बसवून घेऊन गेले.

पुढे त्यांच्याकडे मुलीचा वाढदिवस होता. त्यांच्या बायकोचा फोन आला, “ताई, पोरींना काय काय सांगू?”

“पोरींचं मागून पाहू,” मी म्हटलं. “आधी त्यांच्या काका-मामांची यादी करा.”