ओझ्याची बैठक

कॅमेरा विकत घेताना मनुष्य महिनाभर चौकशी करतो. भिंगांची तुलना करतो, जाणकारांना विचारतो. पिशवी मात्र दुकानदार वर ठेवील ती उचलतो. म्हैसूरच्या विजयनगरात स्थायिक झालेल्या एका निवृत्त मराठी अध्यापकांनीही तेच केले. मिळालेली पिशवी चौकोनी, कडक आणि एकाच पट्ट्याची होती. उभी आयुष्ये शबनमच्या एका पट्ट्यावर काढलेल्या पिढीला त्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. पण शबनमीत वह्या असत आणि त्या अंगाला धरून राहत. ही पेटी प्रत्येक पावलाला कमरेवर आदळे, खांद्यावरून घसरे, आणि तिला सावरण्यात एक हात कायमचा गुंतून पडे.

पुढे उजवा खांदा आखडला. कॅमेरा कपाटात राहू लागला. विजयनगरातून जवळच असलेल्या कुक्करहळ्ळी तलावाची सकाळची फेरी चालू होती, पण रिकाम्या हातांनी. धुके उठता उठता पाण्यावर झोळीवाले उतरत. चोचीखाली जन्माचीच पिशवी घेऊन फिरणारे हे पक्षी डोळ्यांनी पाहायचे आणि घरी यायचे. “अहो, आजही नेला नाहीत?” असे पत्नीने विचारणेही हळूहळू थांबले. हे थांबणे त्यांना खांद्याहून अधिक दुखले असावे. म्हैसूरचेच छायाचित्रकार टी. एस. सत्यन (१९२३–२००९) यांनी साध्या माणसांची, खेळणाऱ्या मुलांची चित्रे टिपून ठेवली. रोजच्या जगण्याचे असे चित्रण कपाटातल्या कॅमेऱ्याकडून होत नाही.

ओझ्याचे शास्त्र मात्र या गावाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. दसऱ्याच्या मिरवणुकीत सुमारे साडेसातशे किलोंची अंबारी वाहणाऱ्या हत्तीला आधी काही आठवडे वाळूची पोती पाठीवर घेऊन चालवतात. भार टप्प्याटप्प्याने वाढवतात. शिवाय अंबारी पाठीवर थेट टेकत नाही. आधी जाड गादी, मग दोरखंडांची घट्ट बांधणी. तेवढ्या अवाढव्य प्राण्याच्या पाठीची जी काळजी घेतली जाते, ती साठी उलटलेल्या मानवी खांद्याची कोणी घ्यावी?

दुसऱ्या खेपेस अध्यापक देवराज अरस रस्त्यावरच्या दुकानात गेले ते कॅमेरा, दोन भिंगे आणि पाण्याची बाटली बरोबर घेऊन. रिकामी पिशवी कोणतीही सुखकरच वाटते. म्हणून ती भरून, खांद्यावर घेऊन ते पाव तास दुकानात उभे राहिले, वाकले, बसून उठले. दुकानदाराच्या चेहऱ्यावरचे भाव येथे सांगण्यासारखे नाहीत. पाठीवरच्या पिशवीत भार दोन्ही खांद्यांवर वाटला जातो आणि कमरेचा पट्टा नीट आवळला तर त्यातला बराच कमरेवर उतरतो. चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्यांना तीच योग्य. पण देवराज बाजारात झेंडूच्या ढिगाऱ्यावर ऊन क्षणभर रेंगाळते, तेव्हा पाठीवरची पिशवी उतरवायला जागा नसते, आणि उतरवली तरी खाली चिखल व कुजक्या पाकळ्या. तेथे आडव्या पट्ट्याची, पुढे ओढून घेता येणारी लहान पिशवीच उपयोगी. दोन्ही कामे एकच पिशवी उत्तम करते, हे म्हणणे विक्रेत्याचे, वापरणाऱ्याचे नव्हे.

त्यांनी पाठीवरचीच घेतली, परंतु कुशीला चेन असलेली. एक खांदा मोकळा करून ती पुढे फिरवली की कॅमेरा बाहेर येतो. आत मऊ, हलवता येणारे आडोसे आहेत. रंग मळखाऊ आहे, त्यामुळे आत काय आहे हे चारचौघांना कळत नाही. मोठे भिंग तिच्यात बसत नाही. ते घरी राहते, आणि झोळीवाले आता चित्रात थोडे लहान येतात. पावसाचे आवरण तळाशी आहे, पण छत्रीला मात्र जागा नाही. जून लागला की ती हातातच धरावी लागते.