कोरफड आणि आमचा अंगठा

आमच्या घरच्या मागील पडवींत कोरफडीच्या चार कुंड्या आहेत. कोणास भाजलें, खरचटलें कीं एक पान कापून गर लावावयाचा, हा परिपाठ मातोश्रींपासूनचा. पान कापल्यावर उभें धरून पिवळा चीक गळूं द्यावा, कारण तो त्वचेस झोंबतो (तोच आटवून काळा बोळ होतो). मग कांटेरी कडा काढून मधला पारदर्शक गर घ्यावा, ही कृति नातवंडांसहि पाठ आहे. ह्या गरांत शेंकडा ९८ हून अधिक पाणीच असतें; त्याचा लौकिक उरलेल्या बुळबुळीत अंशावर!

भावप्रकाशांत हिला कुमारी म्हटलें असून अग्निदग्धावर ती सांगितली आहे. अशा वचनांचा आम्हांस मोठा अभिमान. हळदीनें जखम भरण्याच्या उपयोगाचें पेटंट १९९५ मध्यें अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांतील दोघांस मिळालें. डॉ. माशेलकर हे आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सोडून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख झाले होते. त्यांच्या परिषदेनें जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन १९९७ मध्यें तें पेटंट रद्द करविलें, तेव्हां आम्हीं वर्गांत पेढे वांटले होते.

गेल्या आश्विनांत पर्वती चढून आलों, तों नव्या वहाणेनें उजव्या अंगठ्याखालीं फोड आणला व तो फुटला. आम्हांस मधुमेह बारा वर्षांचा. तरी घरांत कांहीं न बोलतां आम्ही रोज गर लावूं लागलों. पुढें दुकानांतील नळींतला तयार जेलहि आणविला. त्याच्या वेष्टनावर इतकीं द्रव्यें छापलेलीं कीं कोरफड शोधावी लागली. पंधरा दिवस झाले, जखम भरेना. ठणका मात्र मुळींच नव्हता, आणि हा आम्हीं कोरफडीचा गुण मानिला!

अखेर थोरल्या सूनबाईंस पायमोज्यावर डाग दिसला. "मामंजी, पाय दाखवा," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि तासाभरांत आम्ही डॉक्टरांसमोर होतों. हे आमचे जुने विद्यार्थी. त्यांनीं आम्हांस डोळे मिटावयास सांगून नायलॉनचा एक बारीक तंतु हातीं घेतला.

"गुरुजी, कळतें का?"

"लावा तर खरें," आम्ही म्हणालों.

"केव्हांच लावला."

साखरेनें पायाच्या मज्जातंतूंची संवेदना गेली होती. ठणका नव्हता तो त्यामुळें. त्यांनीं मेलेला भाग कापून जखम साफ केली, इन्सुलीन सुरू केलें, पायावर भार टाकण्याची मनाई केली. अंगठा वांचला, आणखी उशीर होता तर तो काढावा लागला असता, असें त्यांनीं स्पष्टच सांगितलें.

घरीं येऊन सुश्रुतसंहिता उघडली. मधुमेह्याचे व्रण कष्टसाध्य आहेत असें सूत्रस्थानांत स्वच्छ सांगितलें आहे. चिकित्सास्थानांत व्रणाचे साठ उपक्रम आहेत; त्यांत शोधन आधीं, रोपण मागाहून. शुध् आणि रुह् ह्या धातूंचीं रूपें आम्हीं तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलीं, आणि स्वतःच्या पायावर मात्र शोधनावांचून रोपण चालविलें होतें. लाज वाटली ती ह्याची.

नातवानें १९९१ सालचा एक अमेरिकन निबंधहि वाचून दाखविला. शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमा नेहमींच्या उपचारानें सरासरी ५३ दिवसांत भरल्या, तर कोरफडीचा जेल लावल्यावर ८३ दिवस लागले. रुग्ण थोडेच होते हें खरें, आणि किरकोळ भाजण्यावर तिला अनुकूल असे प्रयोगहि आहेत.

म्हणून कुंड्या अजून पडवींतच आहेत. परवां धाकट्या सूनबाईंचा हात तव्यास लागला, तेव्हां वीस मिनिटें तो नळाच्या धारेखालीं धरवून मग आम्हींच पान कापलें. आमचे तळवे मात्र सौभाग्यवती रोज रात्रीं चष्मा लावून तपासतात, आणि आम्ही निमूटपणें पाय पुढें करतों.