सुट्टी नेमकी कोणाला?

नाताळची सुट्टी लागल्याचं आमच्या घरात कोणाला कळलंही नाही. शाळा मार्च २०२० पासून बंद. पोरांची शाळा म्हणजे भावाचा एकुलता एक मोबाईल. त्यावर बाईंचा मेसेज आला, "उद्यापासून सुट्टी." पुतणीने विचारलं, "मग आता काय करायचं? घरीच तर आहोत."

चेंबूरची दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. आम्ही म्हणजे आई, अण्णा, भाऊ, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि हे लिहिणारे आम्ही. दरवर्षी ५ डिसेंबरला अकोल्याकडचे पाहुणे चैत्यभूमीसाठी उतरले की याच खोलीत पंधरा माणसं झोपतात. यंदा कोणी आलं नाही. घरूनच अभिवादन करा, असं आवाहन होतं. लोकल सर्वांना खुली नव्हती. दूरदर्शनवर चैत्यभूमी पाहिली, अण्णांनी टीव्हीसमोर उभं राहून हात जोडले. आम्ही नियम पाळला. गर्दी केली असती तर रोग कोणाच्या नावावर लागला असता, हे वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी एका समाजाच्या नावावर तो लावून झालाच होता.

२५ डिसेंबरला वस्तीत मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम असतो. भाषणं आम्ही करतो, सतरंज्या आणि चहा बायका बघतात. यंदा कार्यक्रम घरातच. पोरांना समोर बसवून आम्ही १९२७ चं महाड सांगितलं. मांडवाला जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. एवढ्यात ओट्याकडून आई म्हणाली, "जाळलं ना ते पुस्तक? मग नऊ महिने घरात बसलेल्यांपैकी एकाने तरी भाकरी थापली का?"

आई चार घरची धुणीभांडी करायची. मार्चमध्ये सोसायटीचं गेट बंद झालं, पगारही बंद. दिवाळीआधी दोन घरांनी परत बोलावलं, पण लिफ्ट वापरायची नाही. चहाचा कप वेगळा. तो आधीपासूनच वेगळा होता, करोनाने त्याला फक्त कारण दिलं.

पण त्या संध्याकाळी प्रश्न सोसायटीचा नव्हता, आमचा होता. भावाचं दुकानातलं काम सुटलेलं, अण्णा निवृत्त, आम्ही रेशन किट वाटून फोटो टाकणारे. माणसं दिवसभर घरात म्हणजे चहाच्या फेऱ्या दुप्पट, भांडी दुप्पट, पहाटे पाचला सार्वजनिक नळावर हंडे जास्त. हे सगळं आई आणि वहिनीवर. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात जात टिकते ती स्त्रीवरच्या बंधनांतून, हे दाखवून दिलं. एम.ए.च्या परीक्षेत त्यावर आम्ही पाच पानं लिहिली होती. मार्कही चांगले पडले.

पुतणीने वहीच्या मागच्या पानावर वेळापत्रक आखलं. पाणी अण्णा, भांडी भाऊ, भाकरी आम्ही. आमची पहिली भाकरी तव्यावर पडण्याआधीच दोन ठिकाणी फाटली. वहिनी हसली नाही, नुसती बघत राहिली. ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. भाऊ भांडी घासायला बसला की दार लोटून घ्यायचा, गल्लीने बघू नये म्हणून. आम्हीही ते लोटू दिलं. ते चुकलं. शेजारच्या पोरांनी पाहायला हवं होतं.

३१ तारखेला अकरापासून रात्रीची संचारबंदी, त्यामुळे नवीन वर्ष झोपेतच आलं. १ जानेवारीला दरवर्षी भीमा कोरेगावला जातो. यंदा विजयस्तंभही टीव्हीवर. दुपारी घरात आवाज येईना म्हणून पाहिलं, तर आई पोटमाळ्यावर गाढ झोपलेली. दुपारी झोपलेली आई आम्ही आजारपणाशिवाय कधी पाहिली नव्हती. धाकटा तिच्या कपाळाला हात लावून ताप बघून आला.

१ फेब्रुवारीला लोकल सर्वांसाठी सुरू झाली. भावाला काम मिळालं आणि वेळापत्रकातला त्याचा रकाना रिकामा पडला. तो कोणी काही न बोलता आईने भरला. आईलाही त्याच महिन्यात आणखी एका घरचं काम मिळालं होतं, तरी तिचा रकाना मात्र कोणी भरला नव्हता. यावरून घरात अजून वाद चालू आहे, आणि काल वहिनीने ते पान वहीतून फाडून भिंतीला चिकटवलं आहे.