मूळ इंजिन

जुनी मोटारसायकल उभी करायला काढली की पहिला प्रश्न पैशाचा येतो, असं लोकांना वाटतं. पैशाचा प्रश्न येतोच, पण दुसरा. पहिला प्रश्न असतो तो हा, की कुठवर मागं जायचं?

आमच्या घरची बुलेट १९७८ ची. साडेतीनशे सीसी, बिडाचा ब्लॉक, उजव्या पायाला गिअर, पहिला वर आणि बाकीचे खाली. दिसते बुलेट, पण वाजते शेतातल्या पंपासारखी. कारण १९९४ साली अण्णांनी तिचं पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं बसवलं. मूळ इंजिन तेव्हापासून ग्रीस फासून सुताच्या पोत्यात, माळ्यावर. आणि गाडी गेली काही वर्षं मागच्या शेडमध्ये, मोडक्या मागाशेजारी. आता ती चालती करायची आहे. पण कोणत्या इंजिनावर?

त्या काळी सोलापूर भागात अशा गाड्या भरपूर होत्या, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. डिझेल तेव्हा पेट्रोलच्या निम्म्या भावाच्या आसपास मिळायचं. पंपाला आणि जनरेटरला लागणारं एक सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं ग्रीव्हज-लोंबार्डिनीचं इंजिन सहज मिळे. आणि बुलेटचं इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा. त्यामुळे इंजिन काढून नव्या प्लेटा पाडल्या, चेनचं जमवलं, स्प्रॉकेट बदललं की काम झालं. कंपनीनं स्वतःच १९९० च्या दशकात 'टॉरस' नावाची डिझेल बुलेट काढली होती. ३२५ सीसी आणि ताकद जेमतेम साडेसहा हॉर्सपॉवर. पेट्रोल बुलेटची अठरा! म्हणजे ताकद तिसऱ्या हिश्श्यावर आली, पण लिटरला पळायची जवळपास दुप्पट. ज्याला मागं चादरींचे गठ्ठे बांधून अक्कलकोटला जाऊन यायचंय, त्याला वेगाचं काय कौतुक?

अण्णांचे आठ माग होते. सूत आणायचं, रंगाईला टाकायचं, तयार माल व्यापाऱ्याकडे पोचवायचा, सगळं या गाडीवर. मागच्या सीटच्या जागी त्यांनी वेल्डरकडून लोखंडी कॅरियर करून घेतलं होतं. ते अजून आहे.

तर मेकॅनिककडे गेलो. चाचा जुने आहेत, बुलेटशिवाय दुसऱ्या गाडीला हात लावत नाहीत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मालक, शो पायजे का पळाया पायजे, आदी ते सांगा."

मग हिशेब झाला. डिझेल इंजिन तसंच ठेवून गळती काढायची, नोझल आणि पंप बघायचा, तर पंधरा-एक हजार. पेट्रोलचं इंजिन उघडून ब्लॉक बोर करायचा, वरच्या मापाचा पिस्टन टाकायचा, क्रँक प्रेसवर घेऊन बिग एंडचा बुश बदलायचा, ऑइल पंप, पॉइंट, कार्बोरेटर, वायरिंग... पन्नास हजारांच्या पुढे. (चाचांचा 'पुढे' कुठवर जातो ते अनुभवी लोकांनी ओळखावं.) तिसरा मार्ग पुतण्यानं सुचवला. नव्या बुलेटचं इंजिन टाकू, सेल्फ स्टार्ट मिळेल. पण २००८ नंतर आलेल्या त्या इंजिनात गिअरबॉक्स एकाच खोक्यात असतो. जुन्या फ्रेममध्ये ते बसवायचं तर फ्रेम कापावी लागते. चाचांनी नुसती मान हलवली आणि विषय संपला.

मग कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात कंपनीचं जे वर्णन आहे त्याच्याशी विसंगत बदल गाडीत चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावून सांगितलं. त्याच जातीचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बदलता येतं. पेट्रोलच्या बुलेटला पंपाचं इंजिन, हे त्यात बसत नाही. आमच्या आरसी बुकात इंधन पेट्रोल आणि इंजिन नंबर पोत्यातल्या इंजिनाचा. म्हणजे कागदाच्या दृष्टीनं ही गाडी तीस वर्षं माळ्यावरच होती म्हणायची! उद्या रस्त्यात काही झालं तर विमावाला पहिला बोट तिथंच ठेवणार.

२०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी देण्याची सोय झाली आहे. आमची २०२८ ला पन्नाशी गाठेल. फी वीस हजार, पण गाडी मूळ रूपात हवी. आणि गंमत अशी की एकदा व्हिंटेज झाली की ती रॅली, प्रदर्शन, देखभाल असल्या कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला बंदी. भाजी आणायला गेलात तर नियमभंग. असली पन्नाशी आम्हाला नको.

एवढं सगळं कळूनही हात डिझेल काढायला धजेना, कारण आवाज. अण्णांची गाडी नाक्यावर आली की तो धडधडाट घरात पोचायचा आणि आई तव्यावर भाकरी टाकायची. ते दार उघडून आत येईपर्यंत भाकरी फुगलेली असायची. आम्ही भावंडं त्या आवाजावर पुस्तकं उघडायचो. आमच्यासाठी 'मूळ' आवाज तोच. पेट्रोल इंजिनाचा आवाज मला आठवतही नाही. मग रिस्टोअर करायचं म्हणजे नेमकं काय जपायचं? कारखान्यातून निघाली तो दिवस, का आमच्या दारात थांबायची ते दिवस?

शेवटी अण्णांनाच विचारलं. वाटलं होतं, डोळे भरून येतील, काहीतरी आठवण सांगतील. ते म्हणाले, "मला डिझेल परवडत होतं म्हणून डिझेल घातलं. तुला काय परवडतंय ते तू बघ."

यात रुक्षपणा नाही. माग चालवणाऱ्या माणसाचं हे बोलणं आहे. त्यांच्या आठ मागांपैकी एकही 'ओरिजिनल' नव्हता. गिरणीतून लिलावात निघालेले सांगाडे, मोटर एकीकडची, शटल दुसरीकडचं. माग चालतोय की नाही, एवढंच बघायचं. डिझेलचं इंजिन हा त्यांच्यासाठी वारसा नव्हता, उत्तर होतं. १९९४ च्या प्रश्नाचं उत्तर. तो प्रश्न आता उरला नाही. डिझेलचे दर २०१४ मध्ये मोकळे झाले, पेट्रोल-डिझेलमधला फरक थोडा राहिला, आणि चादरींचे गठ्ठे टेम्पोनं जातात. आजचा प्रश्न निराळा आहे. माझ्या मुलीला ही गाडी चालवायची आहे, आणि तिला ती चोरट्यासारखी चालवायला लागू नये.

तेव्हा ठरलं. माळ्यावरचं इंजिन खाली आलं. पोतं सोडल्यावर चाचांनी नंबरावरचं ग्रीस पुसून आरसी बुकाशी ताडून पाहिला. जुळला. डिझेलचं इंजिन शेतावरच्या भावाकडे जाईल, पंपाला जोडायला. म्हणजे ते खऱ्या अर्थानं मूळपदावर गेलं.

कॅरियर मात्र मी काढू दिलेलं नाही. चाचा म्हणाले, शोभत नाही. नसेल शोभत.

आईला सांगितलं, आता आवाज बदलणार. ती म्हणाली, "मग यायच्या आधी फोन कर."