हरभऱ्याची आंब

पौषातल्या पहाटे मंगळवेढ्याच्या काळ्या रानात हरभऱ्यातून चालले असता पोटऱ्या ओल्या होतात व चुरचुरू लागतात. ती आंब. (येथील ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले, आंबेची मात्र कोणी वास्तपुस्त करीत नाही.) आमच्या लहानपणी धुतलेले फडके पिकावरून ओढून ते पिळीत आणि अजीर्णावरचा उपाय म्हणून ती आंब काचेच्या बाटलीत भरून ठेवीत. बाटलीतच का, हे आम्ही कधी विचारले नाही.

एके वर्षी ती बाटली घासताना आमच्या हातून फुटली. मार चुकवावा म्हणून नवी आंब आम्ही कल्हई नसलेल्या पितळी गडूत ओतून कोनाड्यात ठेवली. दोन दिवसांनी धाकट्या भावाचे पोट दुखू लागले. काकूंनी अंधाऱ्या माजघरात त्याच गडूतली आंब त्यास पाजली. घटकाभरात वांत्या सुरू झाल्या. पोर वाचले, परंतु ‘हिने काय पाजले कोण जाणे’ हा बोल काकूंच्या माथी कायमचा बसला. आम्ही गप्प राहिलो.

पुढे शाळेत संस्कृताबरोबर विज्ञानाचेही तास गळ्यात पडले, तेव्हा उलगडा झाला. आंबेत मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. पैकी मॅलिक आम्ल शेले या रसायनज्ञाने १७८५ साली सफरचंदातून वेगळे काढले. चिंचेतले टार्टारिक, ताकातले लॅक्टिक ही त्यांचीच भावंडे; कुळाचे नाव कार्बोक्सिलिक. यांच्या रेणूतील एखादा हायड्रोजन सैल बांधलेला असतो. धातू भेटला की तो जागा सोडतो, धातू तेथे बसतो आणि क्षार तयार होतो. जस्त सहज वश होते. तांबे हवेतील प्राणवायूच्या साहाय्यावाचून होत नाही. पितळेत दोन्ही धातू, आणि गडू उघडा! तांब्याचे हे हिरवट क्षार पोटात गेले की वांती ठरलेली. कल्हईचे कथील या आम्लांस फारशी दाद देत नाही, काच तर मुळीच नाही.

काकूंच्या नव्वदीत एकदा धीर करून आम्ही त्यांस सारे सांगितले.

“ठाऊक होतं रे,” त्या म्हणाल्या. “गडूच्या काठाला हिरवी रेघ होती. सासूबाई यायच्या आत मीच चिंच लावून घासून टाकली.”